पांढऱ्या कापडाचं वजन

सिलिंडर भरलेला आहे असं समजून हरेशने तो उचलला आणि तो निघाला रिकामा. आता रिकाम्या सिलिंडरलाही पंधरा किलो वजन असतं, तो काही फुगा नव्हे. पण अंगाने तयारी केली होती ती एकोणतीस किलोची. कंबर कसली होती, श्वास रोखला होता, दातावर दात ठेवले होते, आणि मधले चौदा किलो ऐन वेळी आलेच नाहीत. हात झटक्याने वर गेले, कोपर ओट्याच्या कडेला लागलं आणि फिजिक्सचे वाघचौरे सर कल्याणच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फतकल मारून खाली बसले. माधुरी आतून आली, हसली. भरलेला तो खिडकीखालचा, हा काल संपला, मी सांगितलं होतं, तुमचं लक्ष कुठे असतं, असं सगळं एका दमात म्हणाली. मग तो उठेना तेव्हा तिचं हसू थांबलं. लागलं का, म्हणून तिने विचारलं. त्याने नाही म्हणून मान हलवली. कोपराला चांगलंच लागलं होतं, पण त्याचं सगळं ध्यान बुडाखालच्या थंड लादीकडे होतं. असाच, अगदी असाच, आपण एकदा बसलो होतो. तेव्हा खाली लादी नव्हती, भात कापलेल्या शेतातले सड होते, आणि टोचले होते. हातात सिलिंडर नव्हता, कापड होतं. तेव्हाही अंगाने वजनाची तयारी केली होती आणि वजन आलं नव्हतं.

का आलं नव्हतं? पाच वर्षं झाली त्याला. पाच वर्षांत हा प्रश्न एकदाही डोक्यात येऊ नये, आणि वर्गात मात्र आपण बल आणि वस्तुमान शिकवतो, याची हरेशला लाजच वाटली. कापडावर दगड होते. त्याच्या बाजूला दहा आणि पलीकडच्या बाजूला दहा, नारळाएवढे. त्याच्या बाजूचे त्याने स्वतः लाथेने उडवले होते. पलीकडचे कुणी काढले?

चहा घ्या, म्हणून माधुरीने कप पुढे केला. चहा पिता पिता त्याने आज गावाला जाऊन येतो म्हणून सांगितलं. आज रविवार, उद्या पेपर तपासून द्यायचेत, आणि एकाएकी गाव? तिने विचारलं, आणि खरं तर बरोबर विचारलं. तो म्हणाला, झोडणी झाली असेल, बाबा पेंढ्याची उडवी रचत असतील, जरा हात लावतो. माधुरीने त्याच्याकडे असं पाहिलं, की जसा काही त्याने जन्मात कधी पेंढीला हात लावला होता.

मुरबाडवरून पुढे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसल्यावर त्याला वाटलं, आपण उगाच निघालो. विचारायचं तरी काय? बाबा, पाच वर्षांपूर्वी तुमच्या बाजूला दगड होते का? बाप म्हणेल, पोरगा बुकं वाचून वाचून खुळावला. आणि बाबा, म्हणजे नामा वाघचौरे, हे काही बोलके नव्हेत. टोकावड्यापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत त्यांची ओळख म्हणजे उडवी. पेंढ्याची उडवी रचावी तर नामाने, असं लोक म्हणत. चार चार पावसाळे उभी राहील, थेंब आत जाणार नाही. रचणारा वर उभा राहतो, खालून पेंढ्या फेकायच्या, त्याने त्या गोल लावत जायच्या आणि अनवाणी पायांनी तुडवत जायच्या. एकदा वर चढला की शेंडा बांधल्याशिवाय रचणाऱ्याने खाली उतरायचं नाही. भूक लागली तर भाकरी वर फेकतात. मध्येच उतरला तर उडवी बसते, म्हणतात. आणि पोकळ उडवी म्हणजे घराची अब्रू गेली. उडवी बघून पोरगी द्यावी, असं तिकडे म्हणतात ते काही थट्टेने नव्हे. हरेशचं लग्न ठरलं तेव्हा माधुरीच्या मामाने चहा प्यायच्या आधी मागच्या अंगणात जाऊन उडवीला मूठ मारून पाहिली होती, आणि मूठ झटकत हसत परत आला होता.

भगीरथने हरेशला गाठलं ते दोन हजार एकच्या दिवाळीत. शेणवे गावचा भगीरथ, मुरबाडला अकरावी-बारावीला दोघं एका बाकावर. हरेश त्याचा गणित्या, भगीरथ त्याचा पैलवान. बारावीला भगीरथ नापास झाला आणि फौजेत गेला, तिथे हवाई छत्रीवाल्यांच्या तुकडीत. तीनशेवर उड्या मारल्या, मग गुडघा दुखावला म्हणून सुटून आला आणि मुंबईला सिनेमावाल्यांकडे नायकांच्या वाटणीचं पडायचं काम करू लागला. एका वाहिनीला काहीतरी जगावेगळं दाखवायचं होतं. भगीरथने त्यांना सांगितलं, मी सहा हजार फुटांवरून उडी मारतो, छत्री उघडत नाही आणि पेंढ्यावर पडतो. ते बघतच राहिले. आणि हा गडी थेट कल्याणला येऊन हरेशच्या दारात उभा. म्हणाला, जीव माझा आहे, हिशेब तुझा पाहिजे.

हिशेब तसा शाळकरी होता आणि म्हणूनच हरेशला त्याची भूल पडली. माणूस पडू लागला की वेग वाढतो खरा, पण वाढतच राहत नाही. हवा खालून रेटते, आणि दहा-बारा सेकंदांनी तिचा रेटा वजनाएवढा होतो. पुढे सहा हजारांवरून पडा की साठ हजारांवरून, खाली येताना वेग तोच, सेकंदाला पंचावन्न मीटर. तेव्हा उंचीला भ्यायचं कारण नाही, भ्यायचं ते थांबण्याला. पंचावन्नाचा शून्य करायला किती जागा मिळते, एवढाच प्रश्न. सहा मीटर मिळाली तर अंगावर आपल्या वजनाच्या पंचवीस पट भार येतो. भगीरथच्या बहात्तर किलोचे अठरा क्विंटल, तेही पाव सेकंदापेक्षा कमी वेळ. पाठीवर पडला तर धडधाकट माणूस ते सोसतो. दोन मीटर मिळाली तर पंचाहत्तर पट, आणि मग सोसायला कुणी उरत नाही. हरेशने वहीत लिहिलं: पेंढा दहा मीटर उंच, सैल, भुसभुशीत, आत बुडण्याची खोली सहा मीटर. ‘सैल’ या शब्दाखाली त्याने दोन रेघा मारल्या. ती वही अजून घरात होती. माधुरीने एकदा रद्दीत टाकली होती, त्याने परत काढून आणली होती, आणि का आणली हे त्याला सांगता आलं नव्हतं.

सरळगाव गेलं. खिडकीतून शेतं दिसत होती, सगळी कापलेली, आणि घराघरामागे उडव्या. वाहिनीने जागा शोधली तेव्हा हरेशनेच आपलं गाव सुचवलं. कुठून बुद्धी झाली देव जाणे. खरं सांगायचं तर बापाला मिरवायचं होतं. एवढा पेंढा आसपासच्या बारा वाड्यांतून जमा झाला, आणि रचायला अर्थातच नामा. आदल्या दिवशी सकाळी चाचणी झाली. बहात्तर किलो वाळू भरलेलं पोतं हेलिकॉप्टरमधून टाकलं, ते सैल ढिगात सहा मीटर आत गेलं, आणि पोत्याची शिवणसुद्धा उसवली नाही. हरेशचा हिशेब आकड्याला आकडा मिळाला. भगीरथने त्याला उचलून गरागरा फिरवलं. आयुष्यात हरेशला इतकं सुख कधी झालं नव्हतं. लग्नात नाही, नोकरीत नाही. पण पोत्याने ढीग पार विस्कटला होता. तो पुन्हा तसाच सैल रचायचा, असं भगीरथने बाबांना तीनदा बजावलं, बाबांनी तीनदा मान हलवली, आणि हरेश पेपर तपासायला दुपारच्या गाडीने कल्याणला निघून गेला. निघून गेला! जन्मभर डोक्यावर हात मारून घ्यावा अशी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने उतरला तेव्हा साडेसात वाजले होते आणि शेतात उडवी उभी होती. ढीग नव्हे, उडवी. दहा मीटर उंच, गोल, विंचरल्यासारखी, शेंडा बांधलेला, शेंड्याला आंब्याचा टहाळा, पुढ्यात फोडलेला नारळ. बारा वाड्यांतली माणसं ती बघायला आली होती आणि बाबा तिच्या शेजारी हात मागे बांधून उभे होते. असा बाप हरेशने कधी पाहिला नव्हता. तोंडावर नवऱ्या मुलासारखं तेज. हरेशची नजर त्यांच्या पायांकडे गेली. घोट्यापासून तळव्यापर्यंत पेंढ्याने कापलेले बारीक लाल ओरखडे, शेकड्यांनी. काल दुपारपासून दिवस मावळेपर्यंत तुडवल्याशिवाय पाय असे होत नाहीत. त्याने हळूच विचारलं, तुडवलीत काय? बाबांना प्रश्नाचंच नवल वाटलं. अरे, सैल ठेवली तर पोरगा थेट तळाला जाऊन आपटेल, खाली भुई आहे, त्याला धरून ठेवायला काही नको? आणि उद्या सगळा मुलूख टीव्हीवर बघणार, त्यात नामाची उडवी अशी भोंगळ दिसली तर? वा! दोन्ही कारणं अशी चोख होती की क्षणभर हरेशला आपलाच हिशेब उलटा वाटला. मऊ गादीवरून पडलेलं पोर भुईला टेकतं, घट्ट गादी झेलते. हे चूक आहे हे त्याला ठाऊक होतं. पण का चूक आहे, ते त्या घटकेला वहीशिवाय सांगता येईना.

त्याने काठी घालून बघायला हवी होती. बांधाला बांबू टेकवलेला होता, चाचणीला आणलेला. पण चारचौघांत कुणाच्या उडवीत काठी खुपसायची म्हणजे वाढलेल्या ताटाचा वास घेऊन बघण्यासारखं आहे. आणि ती बापाची उडवी. धाऊ, बाबांचा जोडीदार, त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला की नामाने या उडवीत जीव ओतलाय, मास्तर. तेवढ्यात दिपिका मॅडम आल्या, वाहिनीच्या. कानाला यंत्र, हातात कागद, त्यावर हरेशची सही हवी होती. भगीरथ दोन मैलांवर शाळेच्या मैदानात हेलिकॉप्टरमध्ये बसला होता, पंखा सुरू झाला होता. मॅडमनी विचारलं, सर, ओके? बाबा शेजारी उभे होते. हरेश ‘हो’ म्हणाला आणि त्याने सही केली. ही गोष्ट त्याने पुढे कधीच कुणाला सांगितली नाही. माधुरीलाही नाही. एवढा चार बुकं शिकलेला माणूस, पण एका शब्दाला त्याची जीभ उचलली नाही. का? बापाचं तोंड पडू नये म्हणून? आपण चुकत असू या भीतीने? की आदल्या दिवशीचं ते सुख आपल्याच हाताने मोडवेना म्हणून? पाच वर्षं तो ही तीन कारणं आलटून पालटून धरत होता, आणि तिन्ही हातातून निसटत होती.

मग ते कापड. पडणाऱ्या माणसाला वाऱ्याच्या घोंगाटात काही ऐकू येत नाही, म्हणून खुणेला कापड ठेवलं होतं. मांजरपाटाचे पट्टे शिवून केलेलं, वीस हात लांब, उडवीपासून पन्नास पावलांवर अंथरलेलं. भगीरथच्या छातीवर छोटी छत्री होतीच. दोन हजार फुटांवर तो खाली बघणार. कापड दिसलं तर छत्री उघडायची नाही. कापड नसलं तर उघडायची. दोन हजार फुटांपासून भुईपर्यंत अकरा सेकंद. कापडाच्या अलीकडच्या कडेला हरेश, पलीकडच्या कडेला बाबा. हरेशने ओरडायचं, बाबांनी आपल्याकडचे दगड उचलायचे, मग हरेशने कापड ओढून गोळा करायचं, असं ठरलं होतं. हेलिकॉप्टर वर गेलं. चढायला त्याला दहा-बारा मिनिटं लागली. त्या दहा-बारा मिनिटांत हरेश कापडाशी उभा राहून मनात भागाकार करत होता. सगळीच तुडवली नसेल. तळ कालचाच असेल, सैल. चार मीटर तरी बुडेल. अडतीस पट, वाचेल, हाडं मोडतील, वाचेल. तीन मीटर असेल तर? आणि वरचा शेंडाच दगडासारखा असेल तर? छेदातली संख्या सारखी लहान होत होती. मॅडम वीस पावलांवर होत्या, त्यांच्या हातात वॉकीटॉकी होता. वीस पावलं! बाबा पलीकडच्या टोकाला पाठ करून उकिडवे बसले होते आणि कापडाच्या कडेने सरकत काहीतरी चाचपत होते. सुरकुत्या काढत असतील, हरेशला वाटलं. एवढा शहाणा माणूस, त्याला सुरकुत्याच सुचल्या.

ठिपका सुटला. लोकांनी हाकाटी केली. हरेश मोजत होता: वीस, एकवीस, बावीस. ओरडायचं होतं, बाबा, दगड! बापाच्या पाठीकडे बघून ते ओरडवेना. मग त्याने पायाजवळचे दगड लाथेने उडवले, कापडाची कड दोन्ही हातांना गुंडाळली आणि पलीकडच्या दहा दगडांसकट ओढून काढायच्या तयारीने सगळं अंग मागे टाकून हिसका दिला. कापड सुळकन आलं. हरेश उताणा पडला, सडांवर बसला, वरून कापड तोंडावर. बारा वाड्या हसल्या. आणि कापडाखालून त्याने छत्री उघडल्याचा आवाज ऐकला, ओली गोधडी झटकावी तसा.

भगीरथ दोनशे पावलांवर शेतात उतरला. छत्री गोळा न करता तसाच चालत आला. तोंड पांढरं फटक. काय झालं, त्याने विचारलं. सगळे भोवती जमले होते, बाबाही आले होते, जरा मागे उभे होते. हरेश म्हणाला, वारा फिरला. भगीरथने उडवीच्या शेंड्यावरच्या टहाळ्याकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. वाडीतल्या चुलींचा धूर सरळ वर जात होता, ताणलेल्या दोऱ्यासारखा.

“वारा नव्हता, हरेश,” भगीरथ म्हणाला. बस, एवढंच. त्यानंतर तो त्याच्याशी बोलला नाही.

हेलिकॉप्टरची वेळ संपली होती, परवानगीही तेवढ्यापुरतीच होती. वाहिनीने दुसऱ्या कुणाची तरी मोटारसायकलची उडी दाखवली. ऐन वेळी छत्री उघडणारा, असं भगीरथचं नाव त्या धंद्यात पडलं आणि कामं आटली. आता तो शहापूरजवळ एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्यांचा मुकादम होता, हे हरेशला उडत उडत कळलं होतं. आणि गावाने हरेशला नाव ठेवलं ते वेगळंच. मास्तर बसला. कुठल्याही लग्नात धाऊ ती गोष्ट रंगवून सांगायचा. मास्तरला कापडसुद्धा पेललं नाही, वारा फिरला म्हणे, वारा मास्तरच्या धोतरात शिरला असेल. हरेश पँट घालायचा, पण गोष्टीत धोतरच शोभायचं. बाबा त्या वेळी तंबाखू थुंकायला उठून जायचे. त्यांनी कधी हरेशची बाजू घेतली नाही, कधी त्याला बोलही लावला नाही. आणि हरेशला, आता लपवायचं कशाला, आतून थोडं बरं वाटायचं. आपण बापाची अब्रू झाकली. बापाला काही माहीत नाही, गावाला काही माहीत नाही, सगळा भार आपण उचललाय. त्या भाराची त्याला सवय झाली होती. आज सकाळी सिलिंडर वर आला आणि तो भारही त्याबरोबर गेला, नि हात नुसतेच वर राहिले.

कारण दगड असते तर कापड आलं नसतं, निदान फाटलं असतं. दगड नव्हते. आणि दगड नसताना ते कापड दहा मिनिटं शेतात निपचित पडून होतं, म्हणजे वारा फिरला ही आपली थाप बाबांना तरी तेव्हाच कळली असणार. दोन्ही गोष्टी एकाच हिसक्यात होत्या, आणि फिजिक्सच्या मास्तरला त्या कळायला स्वयंपाकघरात आपटावं लागलं!

गाडीतून उतरून तो घरी गेला. आई, रखमी, मागच्या दारी भात पाखडत होती. तिने सून कशी आहे विचारलं, बाबा खळ्यावर आहेत म्हणून सांगितलं. बाबा उडवीवर होते. दोन पुरुष उंच झाली होती. खालून पेंढ्या फेकायला धाऊ होता; हरेशला बघून त्याने तोंड उघडलं, मग हरेशचं तोंड बघून मिटलं आणि पाणी पिऊन येतो म्हणून घराकडे गेला. हरेशने बूट काढले, पेंढी उचलली आणि वर फेकली. पहिली कमी गेली. बाबांनी ओणवं होऊन ती झेलली, लावली, तुडवली. पायांवर तेच ओरखडे. सत्तरी उलटली तरी चालणं तसंच, टाच आधी आणि मग बोटं. दहा-बारा पेंढ्या झाल्या. हरेशला वाटलं, नाहीच विचारू, पाचची गाडी पकडू, पेपर तपासू. आणि हे मनात येतंय तोवर त्याने विचारूनही टाकलं. “बाबा, तुमच्या बाजूचे दगड तुमी काढले व्हते?”

बाबांचे पाय थांबले नाहीत. एक फेरा झाला, दुसरा झाला. खालून हरेशला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त पाय दिसत होते आणि मागे आभाळ. मग आवाज आला, नेहमीचा, जरा दमलेला.

“त्या सकाळी तू यायच्या आगुदर मी काठी घातली व्हती. आपलं उगाच. तुझ्या त्या सैलखाली रेघा मारल्यावत्या ना तू वहीत, मला दाखवलं व्हतंस. दोन रेघा. म्हटलं बघावी घालून.” पाय चालत होते. “इतभर गेली. तेच्या म्होरं नाय.”

हरेशच्या हातातली पेंढी तशीच राहिली. वीतभर. पाच वर्षं तो चार मीटर, तीन मीटर करत होता, आणि उत्तर होतं वीतभर. बापाला ते ठाऊक होतं. नारळ फोडण्याआधी ठाऊक होतं, हात मागे बांधून उभे राहिले तेव्हा ठाऊक होतं, ते तोंडावरचं तेज होतं तेव्हासुद्धा! की ते तेज नव्हतंच? घाम होता? त्याला काही उमजेना. राग यावा तर येत नव्हता, रडू यावं तर तेही नाही.

“मंग बोल्लात का नाय?” त्याने विचारलं.

बाबा म्हणाले, बोलणार होतो. मॅडमला सांगणार होतो. तेवढ्यात तू आलास. मी म्हटलं पोरगा शिकलेला आहे, पायाकडे बघितलं त्याने, त्याला कळलं, तो बोलेल. तू बोलला नाहीस. तू सही केलीस. मग मला वाटलं, मीच अडाणी, काठीचं काय खरं, मास्तर सही करतो म्हणजे ठीकच असणार. हेलिकॉप्टर वर गेलं तसं मला राहवेना. दगड काढून ठेवले एकेक करून. कापड ओढायला हात होईना. सगळा मुलूख बघत होता.

“आनि मी वढलंच नसतं तर?”

आता मात्र पाय थांबले. घराकडून सुपाचा आवाज येत होता, तोही थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

“त्याच इचारात हाय मी,” बाबा म्हणाले. “पाच वरसं.” मग म्हणाले, “वर ये.”

शिडी नव्हती, दोर होता. हरेश धापा टाकत वर चढला. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाच्या उडवीवर उभा राहिला. त्याने जोर देऊन पाय टाकला, मग उडी मारून टाकला. पाय घोट्याएवढासुद्धा आत गेला नाही. खालून झटका आला तो गुडघ्यांतून वर चढून थेट दातांत गेला. त्या झटक्याला पंचावन्नने गुणायला गेला आणि त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे भगीरथ पुन्हा हरेशला गरागरा फिरवत होता, भगीरथचे हात हरेशच्या बरगड्यांभोवती होते, घट्ट, आणि त्या हातांची हाडं त्याला आत्ता जाणवली. बाबांनी त्याचा दंड धरला.

“त्या शेनव्याच्या पोराकडं जा,” ते म्हणाले. “सांग, नामानं तुडवली व्हती. सांग, नामाला म्हाईत व्हतं. माझं नाव घेऊन सांग, धाऊला पन सांग, काय व्हायचं ते व्हईल.” मग दंड सोडून त्यांनी खाली वाकून हात पुढे केला. धाऊ परत आला होता आणि पेंढी फेकायच्या तयारीत होता. “आनि तू किती येळ गप व्हतास, ते तुझं तू सांग.”

धाऊने पेंढी फेकली. बाबांनी झेलली आणि हरेशच्या पायाशी टाकली. हरेश ती तुडवू लागला, टाच आधी आणि मग बोटं. तळव्यांना कापत होतं. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, फाटकावर उभ्या असलेल्या माणसापुढे जाऊन पहिला शब्द कोणता बोलायचा, काही सुचत नव्हतं. खालून धाऊ म्हणाला, मास्तर, आता वर चढलास, शेंडा बांधल्याशिवाय उतरायचं नाय हां. ते हरेशला ठाऊक होतं. त्याने उन्हाकडे बघून वेळ मोजली. शेंडा बांधेपर्यंत चार वाजले असते, आणि मुरबाडला गाडी बदलली की शहापूरला जायला पाचचीही एस.टी. पुरे झाली असती.